अॅनोडाइझच्या जॉबवर फेड काढताना रेष का पडते

तुझी अडचण मला समजली ती अशी. ६०६१ ग्रेडच्या अॅल्युमिनियमच्या टॉर्चच्या नळ्या आहेत, साधारण १३ सेंटीमीटर लांब, घरीच अॅनोडाइझ करतोस (अॅसिडमधे वीज सोडून वर ऑक्साइडचं कोटिंग चढवतोस), खालचं टोक गडद निळं आणि वर जाता जाता गुलाबी व्हायला हवंय, मधला जांभळा आपोआप यायला हवा, असा हळूहळू बदलत जाणारा रंग म्हणजेच फेड. पण मधोमध रेष पडतेय, बादलीत पाण्याची पातळी उमटते तशी, आणि ती कशीबशी टाळलीस तर उकळत्या पाण्यात सील करताना, म्हणजे कोटिंगची छिद्रं बंद करताना, निळा सुटतो आणि गुलाबीवर चढतो. डायचा, म्हणजे रंगाचा, ब्रँड बदलू का, असं विचारलंयस. नको बदलू. यात डायचा काही दोष नाही, पैसे वाचव.

मी बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) सव्वीस वर्षं हेच काम करतोय. रोजचा माल म्हणजे काळा, नॅचरल आणि थोडा गोल्ड, त्यात डोकं लावावं लागत नाही, पोरं झोपेतपण करतात. फेडचं काम महिन्यातून एखाददा येतं, बाइकचे लीव्हर, कसले तरी नॉब, मधे एक मुलगा योयो घेऊन आला होता, आणि ते मी अजून स्वतःच्या हातानं करतो कारण पोरांना दिलं की ती टाकीशी उभं राहून मोबाइल बघतात आणि दोन मिनिटांनी "काका, थई गयुं" (झालं) म्हणून जॉब पुढे करतात, आणि बघतो तर रेष.

फेड म्हणजे काय हे मला आजीच्या निळीवरून कळलं. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी मागच्या चौकात आजोबांच्या धोतरांना नीळ घालायचा कार्यक्रम असायचा. धोतर आधी साध्या पाण्यातून काढून पिळून घ्यायचं, कोरडं कधीच टाकायचं नाही. नीळ एवढी पातळ की बादलीचा तळ दिसला पाहिजे. आणि एकदा आत गेलं की हात थांबवायचा नाही. एका उत्तरायणाला मी मधेच पतंग बघायला गच्चीवर पळालो, धोतराचा एक पदर बादलीच्या काठावरून लोंबत राहिला, परत येऊन बघतो तर जिथे पाणी लागून होतं तिथे निळा पट्टा उमटलेला. आजी म्हणाली, झालं, आजोबांना नवीन काठाचं धोतर नेसवलंस. तुझ्या नळीवर आहे ना, तोच काठ आहे. तुझा डाय दाट आहे, गरम आहे, आणि हात कुठेतरी थांबतोय.

आधी डाय दाट का नको ते सांगतो, कारण सगळं तिथेच अडकलंय. कोटिंगमधे जी छिद्रं असतात ती दहा-वीस नॅनोमीटरची, एका चौरस सेंटीमीटरात अब्जावधी, आणि डाय त्यांच्यात शिरून आतल्या भिंतींना चिकटतो. सुरुवातीला सगळं रिकामं असतं म्हणून रंग धडाधड चढतो, नंतर आत शिरायला जागा कमी आणि वाट लांब, म्हणून मंदावतो. हे डोळ्यानं बघायचं असेल तर एकाच बारमधून सहा पट्ट्या काप, एकाच रॅकवर एकत्र अॅनोडाइझ कर, आणि मग डायमधे पहिली १५ सेकंद, दुसरी ३० सेकंद, मग १ मिनिट, २ मिनिट, ४ मिनिट, ८ मिनिट अशा काढ. पहिल्या तिघींमधे फरक एवढा की लांबून दिसतो. चार आणि आठ मिनिटांच्या दोघी हातात धरून उजेडाकडे नेल्या तरी मला चष्मा लावूनपण ओळखू येत नाहीत. माझ्याकडे प्रत्येक डायच्या अशा पट्ट्या वायरमधे ओवून टाकीच्या वर टांगलेल्या आहेत, नवीन माणूस आला की आधी त्या दाखवतो.

आता याचा फेडशी संबंध बघ. तू काय करतोस, नळी पूर्ण बुडवतोस आणि एकसारख्या स्पीडनं हळूहळू वर खेचतोस, पाच मिनिटांत बाहेर. म्हणजे खालचं टोक पाच मिनिटं, मधला भाग अडीच, वरचा काही सेकंद. पण अडीच मिनिटं आणि पाच मिनिटं यांत रंगाचा फरक जवळजवळ नाहीच! म्हणून खालची अर्धी नळी सगळी एकसारखी गडद होते आणि सगळा फेड वरच्या दोन-तीन सेंटीमीटरमधे कोंबला जातो, तो इतका आखूड की डोळ्याला रेषच वाटते. तुझी अर्धी रेष ही रेष नाहीच, आखूड फेड आहे. एकसारखा स्पीड म्हणजे एकसारखा फेड, हे अगदी साहजिक वाटतं पण चूक आहे, मीपण दोन वर्षं तसंच करत होतो आणि हाताला शिव्या देत होतो.

वेळ दुप्पट-दुप्पट करत जायची. समजा १२ सेंटीमीटरचा फेड हवाय, दोन-दोन सेंटीमीटरचे सहा टप्पे कर, नळीवर नाही, वरच्या हुकाच्या तारेवर मार्करनं खुणा कर, तारेवर म्हणजे जॉबला हात लागत नाही. सगळ्यात वरचा टप्पा डायमधे एकूण १० सेकंद राहिला पाहिजे, त्याखालचा २०, मग ४०, मग ८०, मग १६०, आणि टोक ३२० सेकंद. म्हणजे पूर्ण बुडव, १० सेकंदांनी दोन सेंटीमीटर वर, अजून १० सेकंदांनी पुढचे दोन, मग २० सेकंदांनी, मग ४०, मग ८०, आणि शेवटचं टोक १६० सेकंद एकटंच आत. बेरीज करून बघ, बरोबर ३२० होतात. वरती पटापट आणि खाली जाता जाता सुस्त. आणि हे जिन्यासारखं नाही करायचं हं, की दोन सेंटीमीटर वर घेतलं आणि थांबलो, तसं केलंस तर एकाच्या जागी पाच रेषा येतील. पूर्ण वेळ नळी दीड-दोन सेंटीमीटर वरखाली होत राहिली पाहिजे, सेकंदाला एक हेलकावा, आणि त्या हेलकाव्याचा मधला बिंदू वर सरकत जातो असं समज. वरच्या टोकाला, जिथे रंग शून्यातून सुरू होतो, तिथे हेलकावा अजून मोठा घे, चार सेंटीमीटरचासुद्धा चालेल, कारण पहिल्या सेकंदांचा रंग सगळ्यात जास्त दिसतो.

हे १० सेकंद वगैरे आकडे माझ्या पातळ डायचे आहेत. काळ्यासाठी लोक लिटरला १० ग्रॅम घालतात, बाकी रंगांना २ ते ५, आणि तापमान ५५ ते ६५ डिग्री. फेडला मी लिटरला १ ग्रॅम घेतो आणि ३५-४० डिग्रीच्या वर नेत नाही. मे महिन्यात तर गरमच करावा लागत नाही, आपल्याकडे बादली शेडमधे ठेवली की तेवढी होतेच. पीएच साडेपाचच्या आसपास, जास्त झाला तर थोडं अॅसेटिक अॅसिड, कमी झाला तर सोडियम अॅसिटेट. डायमधे, धुण्यात, फवारणीत सगळीकडे डीआय (क्षार काढलेलं) पाणीच, बोअरचं घातलंस तर त्यातला क्लोराइड आणि सिलिका दोन्ही त्रास देतात, आणि आपल्या बाजूचं बोअरचं पाणी कसं आहे ते चहाच्या पातेल्याला विचार.

पातळ डायची एक किंमत मोजावी लागते, टोक पुरेसं गडद होत नाही. त्यावर उपाय सोपा आहे. आधी पातळ डायमधे पूर्ण फेड काढून घे, धू, आणि मग फक्त शेवटचे तीन-चार सेंटीमीटर नेहमीच्या गरम दाट डायमधे, तोच हेलकावा देत, अर्धा-एक मिनिट. तिथे आधीच निम्म्याहून जास्त रंग भरलेला असतो त्यामुळे दाट डायपण तिथे रेष मारू शकत नाही.

आता ओलं ठेवण्याचं. दाट गरम डायच्या वर वाफ असते, आणि तुझा बाहेर आलेला भाग त्या वाफेत कुठे सुकतो, कुठे थेंब धरतो. सुकलेल्या जागेवर जी डायची पातळ फिल्म राहिली असेल ती तिथेच रंगवत बसते, म्हणजे तू समजतोस वरचा भाग १० सेकंदांत बाहेर आला, पण त्याच्यावरचा डाय अजून कामावरच आहे. म्हणून एका हातात फवारणीची बाटली, पार्लरमधे असते तसली, त्यात डीआय पाणी, आणि वरचा भाग बाहेर आला की वरून खाली अगदी बारीक फवारा. पाणी ओघळून टाकीत जातं, डाय थोडा अजून पातळ होतो, होऊ दे. माझ्याकडे एक जुना मुलगा होता, तो फवारा मारायचाच नाही, म्हणायचा काकांचा हात चांगला आहे म्हणून जमतं. हात काही नाही रे, पाणी आहे.

हात नको असेल तर दोन जुगाड आहेत. एक, गियरवाली छोटी मोटर, मिनिटाला वीस-तीस फेऱ्यांची, तिच्या चाकावर खिळा आणि खिळ्याला जॉबची दोरी, हेलकावा ती देते आणि तू फक्त दोरी गुंडाळत वर घेतोस. दुसरा मला जास्त आवडतो, तुझ्यासारख्या उभ्या नळीला तर बेस्ट. नळी एका उंच अरुंद बरणीत टांगून ठेवायची, जॉब हलवायचाच नाही, आणि सलाइनची नळी बरणीच्या तळापर्यंत सोडून वरच्या डब्यातून डाय थेंब थेंब आत घ्यायचा. पातळी स्वतःच वर चढते. सलाइनला ते चाक असतं ना, त्यानं सुरुवातीला एकदम हळू आणि पुढे पुढे जोरात सोडायचा, म्हणजे टोकाला सगळ्यात जास्त वेळ मिळतो आणि वर भराभर चढतो, वरचाच हिशोब उलट्या बाजूनं. माशांच्या टाकीचा छोटा एअर पंप लावला की बुडबुड्यांनी पृष्ठभाग हलता राहतो. आणि वरची रेघ गाठली की सलाइन बंद करून नळी सरळ उचलून डीआयमधे, तिथे रेंगाळायचं नाही.

दोन रंगांचं काय. हे डाय पारदर्शक असतात, खालचं मेटल त्यांच्यातून चमकतं, म्हणून एकावर एक टाकले की ते काचेसारखे मिसळतात. गुलाबीवर निळा, जांभळा. पिवळ्यावर निळा, हिरवा. नारिंगीवर निळा टाकलास तर चिखल, एका पार्टीला तेच हवं होतं, सूर्यास्तासारखं म्हणे, मी एक पीस करून दाखवला, पार्टी परत आली नाही. नेहमी फिका रंग आधी. तुझ्या केसमधे पूर्ण नळी आधी गुलाबी, पण गुलाबी पोटभर नाही द्यायचा. निम्म्यावर थांब. छिद्रं गुलाबीनंच भरून गेली तर निळ्याला आत जागा कुठे आहे, मग निळा वरवर बसतो आणि सीलिंगमधे तोच आधी निसटतो. तुझा निळा सुटतोय त्याचं एक कारण हेच असणार. मी तर गुलाबीलापण उलटा फेड देतो, म्हणजे नळी उलटी टांगून गुलाबी टोक खाली, आणि निळ्या टोकाकडे गुलाबी जवळजवळ शून्य. मग सुलटी करून निळा. मधे चार-पाच सेंटीमीटर दोन्हींचे फिके भाग एकमेकांवर येतात आणि तो जांभळा असा येतो की धूपछांव रेशमासारखा. थोडं जास्त काम आहे पण निळं टोक मळकं नाही होत, स्वच्छ निळं राहतं.

दोन डाय एकमेकांना ढकलतातपण, काही जोड्यांमधे दुसऱ्यात घातलं की पहिला सुटायला लागतो. ते पट्टीवर बघूनच कळतं, डब्यावर लिहिलेलं नसतं. आणि फेडचा निळा वेगळ्या बादलीत ठेव, मोठ्या टाकीत नको, कारण गुलाबी थोडा तरी त्यात उतरणारच.

रंग घेताना लाइट फास्टनेस विचार. त्याचे आकडे १ ते ८ असतात, ८ सगळ्यात टिकाऊ. गुलाबी आणि जांभळे बहुतेक उन्हात टिकत नाहीत. टॉर्च खिशात राहते, चालेल, पण हाच गुलाबी बाइकच्या लीव्हरवर दिलास तर एका उन्हाळ्यात बडोद्याचं ऊन त्याचं काय करेल ते मी बघितलंय. उन्हातलंच काम असेल तर फेरिक अमोनियम ऑक्झलेटचा गोल्ड घे, तो लोखंडाचा, उन्हाला दाद देत नाही. कापडाचे काही अॅसिड डायपण अॅनोडाइझवर चढतात, त्यात नवल नाही, रंगाची केमिस्ट्री तीच. बडोद्यात सयाजीरावांच्या काळात १८९० मधे कलाभवन ही कलाकौशल्याची शाळा निघाली तेव्हापासून ती उभी करणाऱ्या गज्जर सरांच्या कृपेनं लोक इथे रंगाई शिकतायत, आपण कापडाऐवजी अॅल्युमिनियम धरलंय एवढंच. पण कापडाचा डाय घ्यायचा तर टिकण्याची जबाबदारी तुझी.

कोटिंगचं आधी सांगायला हवं होतं, राहून गेलं. कोटिंगच धड नसेल तर वरचं सगळं वाया. १५ ते २० मायक्रॉन पाहिजे. सल्फ्युरिक १५ ते २० टक्के वजनानं, तापमान २० च्या आसपास, आणि चौरस डेसिमीटरला दीड अँपिअर धरलास तर ४० मिनिटांत १८ मायक्रॉनच्या जवळ जातोस. हिशोब सोपा आहे, चौरस डेसिमीटरचे अँपिअर गुणिले मिनिटं गुणिले ०.३, तेवढे मायक्रॉन. फक्त नळीचं क्षेत्रफळ काढताना आतली बाजू धरायला विसरू नको, खूप जण विसरतात आणि मग रंग फिका का आला म्हणून विचारतात. तापमान २० म्हणजे २०. एकदा मे महिन्यात माझा चिलर ट्रिप झाला होता, कुणाच्या लक्षात नाही, अॅसिड २८ ला गेलं, आणि त्या कोटिंगनं डाय असा ओढला की फेड कसला, दहा सेकंदांत सगळा जॉब गडद आणि बोटानं घासलं तर पावडर. सुरुवातीला चिलर नव्हता तेव्हा मी टाकीभोवती बरफाच्या लाद्या लावायचो, तूपण मोठ्या टबात बर्फ घालून त्यात अॅसिडची बादली ठेव. अॅसिड करताना अॅसिड पाण्यात ओतायचं, पाणी अॅसिडमधे नाही, चष्मा आणि ग्लोव्ह्ज, हे तुला माहीत असेल तरी परत सांगतो.

६०६१ चांगलं आहे, ६०६३ त्याहून स्वच्छ रंग देतं, इथल्या दुकानात एचई ९ किंवा ६३४०० म्हणून मागितलंस की ते मिळतं. कास्टिंगवर फेडच्या नादी लागू नको, त्यातलं सिलिकॉन राखाडी दिसतं आणि चट्टे येतात. सगळ्या नळ्या एकाच बारमधल्या असू देत. कॉस्टिक एचिंगनंतर (कॉस्टिक सोड्यात वरचा थर खाऊन साफ केल्यावर) काळी काजळी येते ती नायट्रिकमधे पूर्ण काढायची, आणि त्यानंतर नुसत्या बोटांनी जॉबला हात लावायचा नाही, अंगठ्याचा ठसा फेडमधे इतका छान उमटतो की आधार कार्डाला चालेल.

अॅनोडाइझ झालं की लगेच रंगव. गरम पाण्यात धुवायचं नाही, थंड डीआयमधे ठेव, रात्रभर ठेवून सकाळी रंगवू असा विचार नको, छिद्रं हळूहळू मिटायला लागतात.

आणि थ्रेड! तुझ्या नळीला दोन्ही बाजूंनी आटे आहेत म्हणून हे नीट वाच. माझ्याकडे एका पार्टीचे तीस नॉब होते, प्रत्येकाला मागून एक बंद भोक, आटेवालं. फेड अप्रतिम आला, संध्याकाळी ट्रेमधे मांडून गेलो, सकाळी येऊन बघतो तर प्रत्येक नॉबवर भोकापासून खाली एक पांढरा ओघळ, रडल्यासारखा. भोकात राहिलेलं अॅसिड रात्रभर पाझरत होतं आणि डाय खात होतं. तीसच्या तीस. तेव्हापासून अॅनोडाइझनंतर आधी पाण्यात दोनदा, मग कॉम्प्रेसरच्या हवेनं प्रत्येक भोक आणि आटे फुंकून काढायचे, मग ५ टक्के खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात चार-पाच मिनिटं हलवायचं, परत फुंकायचं, परत डीआय. फुंकताना भोकातून शेवटी जो थेंब येतो तो मी पीएच पट्टीवर घेतो, लाल झाली तर परत सोडा. रंगवल्यावर सील करायच्या आधीपण आटे फुंकून घे, आट्यांत डायपण बसतो आणि सीलच्या टाकीत बाहेर येऊन ओघळतो.

रेष आलीच तर सील करायच्या आधी ती काढता येते. १०-१५ टक्के थंड नायट्रिक, त्यात तोच जॉब त्याच उंचीवर हेलकावे देत काही सेकंद, रेषेची कडा विरघळते, मग धू, सोड्यातून काढ, आणि वरून परत पातळ डाय. सगळाच बिघडला असेल तर तिथेच जास्त वेळ ठेव, रंग उतरतो आणि कोटिंग जागेवर राहतं, परत रंगव. घरी लोक यासाठी कपड्यांचं ब्लीच वापरतात, चालतं, पण ब्लीच अल्कली आहे, कोटिंगला चावतं, आणि अॅसिडच्या बादलीजवळ ब्लीच अजिबात आणायचं नाही, दोन्ही मिसळले की क्लोरिन गॅस सुटतो, हे मजेत घ्यायचं काम नाही. एकदा सील झालं की मात्र संपलं, मग कॉस्टिकमधे सगळं कोटिंग उतरवावं लागतं आणि तुझे आटे सैल होतात.

आता सीलिंग, म्हणजे तुझा दुसरा त्रास. साधं उकळतं पाणी छिद्रं बंद करतं खरं, पण बंद व्हायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात गरम पाणी डाय बाहेर काढत राहतं. गडद टोकातून जास्त निघतो आणि तो पाण्यातून फिक्या भागावर चढतो. आमच्याकडे निकेल अॅसिटेट असतं, लिटरला ५-६ ग्रॅम, पीएच साडेपाच ते सहा, ८५ ते ९५ डिग्री, १५ मिनिटं, त्यातलं निकेल छिद्रांची तोंडं पटकन अडवतं म्हणून रंग निसटायला वेळ मिळत नाही. पण घरी निकेल वापरू नको असं माझं मत आहे. त्वचेला, फुफ्फुसाला वाईट, आणि ते पाणी गटारात ओतता येत नाही, आम्हाला त्याची ट्रीटमेंट करावी लागते, जीपीसीबीवाले (गुजरातचं प्रदूषण नियंत्रण मंडळ) विचारतात.

घरी वाफेनं सील कर. वाफेत डाय विरघळून जायला पाणीच नसतं. मोदकपात्र घे, जुनं, आणि परत त्यात मोदक करायचे नाहीत हे आईला आधीच सांगून टाक. तळाला डीआय पाणी, वाफ जोरात सुरू झाली की मगच नळी आत, गडद टोक खाली ठेवून उभी टांग, म्हणजे जे काही थोडं ओघळेल ते निळ्यावरून निळ्यावरच जाईल. मायक्रॉनला ३ मिनिटं धर, म्हणजे १५ मायक्रॉनला पाऊण तास. आणि झाकणाला आतून कोरडा पंचा बांध, ढोकळ्याला बांधतात तसा. हे विसरलास तर झाकणाचा थेंब बरोबर गुलाबीवर पडतो आणि तिथे फिका ठिपका कायमचा राहतो, माझ्या पहिल्या योयोवर असे तीन आहेत, तो मी ऑफिसात पेपरवेट म्हणून ठेवलाय. सील झालं की नाही ते बघायला फिक्या भागावर दाट डायचा एक थेंब ठेव, पाच मिनिटांनी धू, डाग राहिला तर अजून वाफ दे.

टायटॅनियमवर असाच फेड येईल का असंही विचारलंयस. येतो, पण तिथे डाय नसतोच. ऑक्साइडच्या जाडीमुळे प्रकाशाचे रंग दिसतात आणि जाडी व्होल्टवर ठरते, तीसेक व्होल्टला निळा, पन्नास-साठला सोनेरी, मग गुलाबी-जांभळा. जॉब पूर्ण बुडवून कमी व्होल्टला सुरू करायचं आणि व्होल्ट वाढवत वाढवत हळूहळू बाहेर घ्यायचा, जो भाग जास्त वेळ आत तो पुढच्या रंगाला जातो. तिथे रेष फारशी पडत नाही, पण निळ्यातून गुलाबीकडे जाताना मधे सोनेरी येणारच, तो टाळता येत नाही.

रेटचं म्हणशील तर मी साध्या एका रंगाच्या तिप्पट घेतो आणि दहा नळ्यांच्या ऑर्डरला पार्टीकडून बारा मागून घेतो. उरलेल्या दोन चांगल्या आल्या तर त्यांना परत देतो, सहसा एकच परत जाते.